यूव्हीने बिघडलेला डीएनए पेशी कसा दुरुस्त करते, हे यीस्टच्या प्लेटवर स्वतः बघायचं असेल तर

डीएनए रिपेअर शिकवताना दरवर्षी एकच गोष्ट मनाला लागते. मुलं आकृत्या छान काढतात, एन्झाइमची नावं पाठ करतात, पेपरात लिहूनही येतात, पण हे सगळं आत्ता या क्षणी एका जिवंत पेशीत चालू आहे असं त्यांना आतून वाटतच नाही. मी बीएस्सीच्या मुलांची मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते आणि माझं स्पष्ट मत आहे की हा धडा फळ्यावर संपवू नये, कारण ही दुरुस्ती डोळ्यांनी बघता येते आणि त्यासाठी काही लाखांचं मशीन लागत नाही. ब्रेडचं यीस्ट, लॅबमधली यूव्ही ट्यूब, एक साधी ट्यूबलाइट आणि स्वयंपाकघरातली फॉइल एवढ्यात होतं. तीन दिवसांनी दोन प्लेट शेजारी ठेवल्या की एकीवर कॉलनी (एकेका जिवंत पेशीपासून वाढलेले ठिपके) मोजक्या आणि दुसरीवर कितीतरी जास्त, आणि फरक फक्त एवढाच की दुसरीला तासभर उजेड मिळाला होता.

आधी पेशीत काय होतं ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या का करतोय तेच कळणार नाही.

लॅबमधली निर्जंतुकीकरणाची यूव्ही ट्यूब २५४ नॅनोमीटरचा प्रकाश देते आणि डीएनए साधारण २६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतो, म्हणूनच ही ट्यूब जंतू मारते. हा प्रकाश पडला की एकाच धाग्यावर शेजारी शेजारी असलेले दोन थायमिन (थायमिन हे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक; कधी थायमिन आणि सायटोसिन) समोरच्या जोडीदाराला सोडून एकमेकांनाच चिकटतात. बॅगेच्या चेनचे शेजारचे दोन दात वितळून एक झाले तर रनर तिथे येऊन अडकतो ना, तसंच डीएनएची कॉपी करणारं एन्झाइम तिथे अडकतं. असे अडथळे खूप झाले आणि वेळेत निघाले नाहीत तर पेशी मरते, किंवा चुकीची कॉपी करून पुढे जाते म्हणजे म्युटेशन होतं.

आता दुरुस्ती. यीस्टकडे या चिकटलेल्या जोडीसाठी दोन मोठे रस्ते आहेत. पहिला फोटोलायेज नावाच्या एन्झाइमचा. हे अंधारातही जाऊन त्या जोडीवर बसतं, पण बसून वाट बघतं, कारण काम करायला त्याला निळा किंवा जांभळ्याच्या लगेच पलीकडचा प्रकाश लागतो, साधारण ३५० ते ४५० नॅनोमीटर. त्याच्या पोटात फ्लेविनचा एक रेणू असतो, प्रकाश मिळाला की तो एक इलेक्ट्रॉन त्या जोडीला देतो, बंध सुटतो, दोन्ही थायमिन पहिल्यासारखे होतात आणि इलेक्ट्रॉन परत फ्लेविनकडे येतो. काहीही कापलं जात नाही, नवीन डीएनए बनवावा लागत नाही. हे मुलांना दोनदा सांगा, कारण पेपरात हमखास «फोटोलायेज डीएनए कापतं» असं लिहिलेलं सापडतं.

दुसरा रस्ता कापण्याचाच आहे आणि त्याला उजेड लागत नाही. तिथे प्रोटीनचा एक गट बिघडलेली जागा शोधतो, दोन्ही बाजूंनी थोडं अंतर सोडून धागा कापतो, तुकडा बाहेर टाकतो, मग समोरचा चांगला धागा बघून पॉलिमरेज ती जागा भरतं आणि लायगेज सांधा जोडतं. बॅक्टेरियात हा तुकडा १२-१३ अक्षरांचा असतो, माणसात ३० च्या आसपास. याला न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर म्हणतात. आपल्या प्रयोगात अंधारातल्या प्लेटवर ज्या थोड्या कॉलनी येतील त्यातल्या बऱ्याचशा या दुसऱ्या रस्त्याच्या कृपेने आलेल्या असतात, हे डोक्यात ठेवा.

सामान काय लागेल ते सांगते. किराणा दुकानात किंवा बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते ड्राय यीस्ट चालतं, पण पाकिटातलं थेट वापरू नका, त्यात यीस्टबरोबर थोडे बॅक्टेरियाही असतात. आधी कोमट पाण्यात चिमूटभर भिजवून एका प्लेटवर स्ट्रीक करा (म्हणजे रेघा ओढत पातळ पसरा), दोन दिवसांनी एक सुटी, गोल, क्रीम रंगाची कॉलनी उचलून दुसऱ्या प्लेटवर पुन्हा स्ट्रीक करा, आणि त्यातलं यीस्ट प्रयोगाला घ्या. मीडियम (यीस्टच्या खाण्यासाठी प्लेटमध्ये ओतायची जेली) म्हणून बटाट्याचं पोटॅटो डेक्स्ट्रोज अगर मस्त चालतं आणि स्वस्त पडतं: २०० ग्रॅम बटाट्याचे तुकडे उकळून गाळलेलं पाणी, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ते २० ग्रॅम अगर, पाणी घालून १ लिटर. ऑटोक्लेव्ह असेल तर १२१ डिग्रीला १५-२० मिनिटं, नसेल तर मोठ्या कुकरमध्ये पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून २०-२५ मिनिटं. प्लेट ओतल्यावर एक दिवस तशाच ठेवून वाळू द्या, ओल्या प्लेटवर कॉलनी एकमेकींत पसरतात आणि मोजताना रडू येतं.

बाकी निर्जंतुक पाण्याच्या नळ्या, पिपेट, काचेचा स्प्रेडर, फॉइल, थर्मामीटर, आणि एक झिरोचा लाल बल्ब. हा लाल बल्ब फार महत्त्वाचा आहे, का ते पुढे येतंच.

यूव्हीची ट्यूब लॅमिनारमधली (लॅबमधल्या निर्जंतुक हवेच्या कपाटातली) वापरा. घरच्या पाणी फिल्टरमधली ट्यूब काढून बाहेर लावायचा विचार चुकूनही करू नका. हा प्रकाश डोळ्यावर पडला तर त्या क्षणी काहीच कळत नाही, काही तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री डोळे चुरचुरतात तसंच. यूव्हीचा चष्मा किंवा फेस शील्ड, पूर्ण बाह्यांचा ॲप्रन, ग्लोव्हज, आणि मनगटाची जी पट्टी ॲप्रन आणि ग्लोव्हजच्या मध्ये उघडी राहते ती पण झाकायची. मुलं प्रयोग करत असतील तर ट्यूबचं बटण शिक्षकाच्याच हातात हवं, यात तडजोड नको.

आता प्रत्यक्ष काम. शुद्ध कॉलनीतलं यीस्ट निर्जंतुक पाण्यात मिसळून चांगलं हलवा, कारण यीस्टला कळ्या असतात, गठ्ठे राहिले तर दहा पेशींची एक कॉलनी दिसते आणि आकडे फसवे येतात. पाणी किती गढूळ हवं? कलरीमीटर असेल तर ६०० नॅनोमीटरला ०.१ च्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने मिलीला १० ते २० लाख पेशी. नसेल तर तांदूळ धुतलेलं दुसरं-तिसरं पाणी असतं तेवढं, नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतात पण जराशी धूसर दिसतात. मग १ मिली घेऊन ९ मिली पाण्यात, त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत, असं तीनदा. सुरुवातीला २० लाख धरले तर तिसऱ्या डायल्युशनमध्ये मिलीला २,००० पेशी, म्हणजे ०.१ मिली पसरलं की प्लेटवर साधारण २०० कॉलनी. यूव्ही न दिलेल्या प्लेटला हे तिसरं डायल्युशन. यूव्ही देणार त्या प्लेटवर बऱ्याच पेशी मरणार म्हणून तिथे दुसरं डायल्युशन पसरायचं, म्हणजे २,००० पेशी. पसरल्यावर १०-१५ मिनिटं थांबा, पाणी अगरमध्ये मुरू द्या.

डोस, म्हणजे यूव्ही किती सेकंद द्यायची ते, ठरवायला एक दिवस वेगळा काढाच. लोक इथे घाई करतात आणि मग «आमच्याकडे झालं नाही» म्हणतात. तुमची ट्यूब किती जुनी, प्लेटपासून किती लांब, यावर सगळं अवलंबून आहे, त्यामुळे माझे सेकंद तुम्हाला चालणार नाहीत. ट्यूब १०-१५ मिनिटं आधी चालू करून स्थिर होऊ द्या, प्लेटचं अंतर पक्कं करा, समजा ३० सेंटिमीटर, आणि ते परत बदलू नका. जाड पुठ्ठा मध्ये धरायचा, काढायचा, वेळ झाली की परत धरायचा. ५, १०, २०, ४०, ६० सेकंद अशा प्लेट करून सगळ्या लगेच फॉइलमध्ये गुंडाळा. ज्या वेळेला अंधारात १०० पैकी १ ते १० पेशी वाचतात ती तुमची वेळ. ब्रेडच्या यीस्टमध्ये गुणसूत्रांचे संच बहुतेक एकापेक्षा जास्त असतात त्यामुळे ते जरा चिवट असतं, लॅबच्या एकेरी संचाच्या यीस्टपेक्षा जास्त सेकंद लागले तर घाबरू नका.

झाकण काढायला विसरू नका. प्लॅस्टिकचं झाकण हा प्रकाश अडवतं, साधी काचही अडवते. खरं तर एक प्लेट मुद्दाम झाकणासकट ट्यूबखाली ठेवा, तिच्यावर सगळ्या कॉलनी येतील आणि मुलांना ते कायमचं लक्षात राहील.

आता मुख्य दिवस. चार गट, प्रत्येक गटात निदान तीन प्लेट:
यूव्ही नाही, उजेड नाही.
यूव्ही नाही, उजेड आहे.
यूव्ही आहे, उजेड नाही.
यूव्ही आहे, उजेड आहे.

यूव्ही द्यायच्या आधी खोलीतले दिवे बंद, पडदे बंद, फक्त झिरोचा लाल बल्ब. फोटोलायेजला लाल प्रकाशाचा काही उपयोग नाही, त्यामुळे आपल्याला दिसतं आणि यीस्टची दुरुस्ती सुरू होत नाही. या एका गोष्टीवर सगळा प्रयोग उभा आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी मी हे पाळलंच नव्हतं. यूव्ही देऊन झाल्यावर प्लेट खिडकीजवळच्या ओट्यावर ठेवल्या, नावं लिहिली, मुलांना फॉइल कापायला वेळ लागला, पंधरा-वीस मिनिटं गेली. तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांत जवळजवळ सारख्या कॉलनी. मला फार वाईट वाटलं होतं, मुलांनी इतकी मेहनत केली होती. नंतर लक्षात आलं की आमच्या «अंधाराच्या» प्लेटनी खिडकीच्या उजेडात आपापली दुरुस्ती आधीच उरकून घेतली होती.

आणि गंमत बघा, हा शोध लागला तोच असल्याच गोंधळातून. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला अल्बर्ट केल्नर स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसच्या बीजाणूंवर यूव्ही टाकून बघत होते की तापमानाने वाचणाऱ्यांची संख्या बदलते का. एकाच तापमानाला ठेवलेल्या नळ्यांचे आकडे एकमेकांशी अजिबात जुळेनात. त्यांनी एकेक कारण तपासलं आणि शेवटी नजर गेली वॉटर बाथवर, तो काचेचा होता आणि खिडकीजवळ होता, काही नळ्यांवर उजेड जास्त पडत होता. १९४९ मध्ये त्यांनी ते छापलं. त्याच वर्षी रेनाटो डुलबेको यांनी बॅक्टेरिया खाणाऱ्या व्हायरसवर हेच दाखवलं, त्यांच्याकडे ट्यूबलाइटखाली प्लेटची चळत होती आणि वरच्या प्लेटवर जास्त व्हायरस जिवंत निघत होते. आकडे जुळले नाहीत म्हणून फेकून दिले असते तर हे सापडलंच नसतं, म्हणून मी मुलांना सांगते की वहीतला विचित्र आकडा खोडायचा नाही, शेजारी लिहायचं की त्या दिवशी प्लेट कुठे ठेवली होती.

उजेड कुठला द्यायचा यावर थोडं जास्त लिहिते कारण हल्ली इथेच गाडी अडते. जुनी पाऱ्याची फ्लोरोसेंट ट्यूब सगळ्यात चांगली, तिच्यात ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरला चांगला प्रकाश असतो. पांढरी एलईडी ट्यूब बहुतेक ४५० च्या आसपास निळा देते आणि त्याच्या खाली फार थोडा, म्हणजे फोटोलायेजच्या कामाच्या अगदी काठावर, त्यामुळे फरक दिसतो पण कमी दिसतो, मग वेळ वाढवावा लागतो. जुनी ट्यूब नसेल तर खिडकीच्या काचेतून येणारा दिवसाचा उजेड वापरा, थेट ऊन नको, उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम. थेट उन्हात प्लेट तापते आणि मग यीस्ट गरमीने मेलं की यूव्हीने ते सांगता येत नाही.

प्लेट ट्यूबपासून २०-२५ सेंटिमीटरवर, झाकण लावून, ४५ मिनिटं ते १ तास. अंधाराच्या प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून तिथेच शेजारी ठेवायच्या, कपाटात नाही, म्हणजे दोघांचं तापमान सारखं राहील. थर्मामीटर बाजूला ठेवा, ३० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका. आणि यूव्हीनंतर उजेड लगेच द्या. उशीर केला तर पेशी कॉपी करायला निघते, अडथळ्यावर अडकते, आणि मग फोटोलायेजने तो अडथळा नंतर काढून फारसा फायदा होत नाही. तास संपला की सगळ्या प्लेट फॉइलमध्ये, उलट्या करून, ३० डिग्रीला दोन ते तीन दिवस.

मोजणी. ३० ते ३०० च्या मधल्या प्लेटच धरा. समजा यूव्ही नसलेल्या प्लेटवर सरासरी १९८ आल्या, ते तिसरं डायल्युशन होतं, म्हणजे दुसऱ्या डायल्युशनला १,९८० आल्या असत्या. यूव्ही आणि अंधार, दुसरं डायल्युशन, ५९. यूव्ही आणि उजेड, २३८. मग अंधारात वाचल्या ५९ भागिले १,९८० म्हणजे ३ टक्के, उजेडात १२ टक्के. तासभर ट्यूबलाइट मिळाली म्हणून चौपट पेशी जगल्या. यूव्ही न दिलेले दोन गट एकमेकांच्या जवळपास हवेत, उजेडातला गट बराच कमी आला तर ट्यूबखाली गरम होतंय, परत करा.

यावर एखादी हुशार मुलगी विचारतेच की मग उजेडात सगळ्या का नाही वाचल्या. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तरात खरं शिक्षण आहे. यूव्हीमुळे थायमिनची एकच प्रकारची जोडी होत नाही, दुसऱ्या एका पद्धतीने वाकडा बंध असलेली जोडी पण होते, तिला ६-४ म्हणतात. यीस्टचं फोटोलायेज फक्त पहिल्या प्रकारावर चालतं, दुसऱ्यासाठी यीस्टला कापण्याच्या रस्त्यानेच जावं लागतं. काही प्राण्यांकडे ६-४ साठी वेगळं फोटोलायेज असतं, यीस्टकडे नाही.

आणि आपल्याकडे? माणसाकडे फोटोलायेज नाहीच. कांगारूच्या गोतावळ्यातल्या प्राण्यांकडे आहे, पण नाळेने पिल्लू वाढवणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या वंशात ते हरवलं. आपल्या कातडीवर ऊन पडून ज्या जोड्या होतात त्या एकेक करून कापूनच काढाव्या लागतात. हा रस्ता जन्मापासून बिघडलेली मुलं असतात, आजाराचं नाव झीरोडर्मा पिगमेंटोसम, त्यांना थोडं ऊनसुद्धा सोसत नाही आणि लहान वयात कातडीचे कॅन्सर होतात. जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं की या रुग्णांच्या पेशींना यूव्हीची दुरुस्ती जमत नाही. अंधारातली ती ५९ कॉलनींची प्लेट हातात धरून हे सांगा, वर्ग शांत होतो.

अझीझ सांजार यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. तुर्कस्तानात डॉक्टर झालेला हा माणूस अमेरिकेत डॅलसला येऊन फोटोलायेजचा जीन वेगळा करतो, मग पुढे मनासारखी जागा न मिळाल्यामुळे येलमध्ये लॅब टेक्निशियन म्हणून काम घेतो आणि तिथे बॅक्टेरियातला कापण्याचा रस्ता टप्प्याटप्प्याने उलगडतो. २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्याबरोबर मिळालं. लिंडाल यांचं काम यूव्हीशिवायच्या बिघाडावर, म्हणजे पेशीतल्या नुसत्या पाण्यामुळे आणि उष्णतेमुळेही आपल्या एकेका पेशीत रोज अंदाजे १०,००० अक्षरं डीएनएवरून गळून पडतात आणि ती भरली जातात. मॉड्रिच यांचं काम कॉपी करताना झालेल्या चुका सुधारण्यावर. हे दोन रस्ते या प्रयोगात दिसत नाहीत, मुलांना तसं स्पष्ट सांगा, नाहीतर सगळी दुरुस्ती म्हणजे उजेड असा समज होतो.

कापण्याचा रस्ता पण डोळ्यांनी बघायचा असेल तर आणखी एक सोपी जोड आहे. यीस्ट प्लेटवर न पसरता पेट्री डिशमध्ये पातळ थर होईल एवढ्या निर्जंतुक पाण्यात घ्या, डिश हलवत हलवत यूव्ही द्या, लाल बल्बमध्येच अर्धं लगेच प्लेटवर पसरा आणि उरलेलं पाण्यातच, फॉइलमध्ये, खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवस ठेवून मग पसरा. पाण्यात खायला काही नाही म्हणून यीस्ट विभागत नाही, कॉपी करायची घाई नाही, आणि कापून भरणाऱ्या एन्झाइमना निवांत वेळ मिळतो. ब्रेडच्या यीस्टमध्ये नंतर पसरलेल्या प्लेटवर साधारणपणे जास्त कॉलनी येतात, आणि या सगळ्यात उजेडाचा एक कणही नसतो. यूव्ही न दिलेलं यीस्टही तेवढेच दिवस पाण्यात ठेवून पसरायचं, म्हणजे पाण्यात संख्या वाढली का हा संशय उरत नाही.

मोजून झालं की काळ्या कागदावर चारही गटांच्या प्लेट ओळीने ठेवून वरून फोटो काढा, प्लेटवरचा नंबर फोटोत दिसला पाहिजे. नंतर प्लेटमध्ये ब्लीचचं पाणी ओतून रात्रभर ठेवा किंवा कुकरमध्ये परत २० मिनिटं शिजवा, मगच कचऱ्यात. यीस्टची मूळ प्लेट मात्र टाकू नका, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात चिकटपट्टी लावून ठेवली तर महिनाभर सहज टिकते आणि पुढच्या बॅचला डोस ठरवायचा दिवस परत घ्यायचा असतो तेव्हा तेच यीस्ट हाताशी राहतं.